‘कसा गेला?’

‘मित्रांमध्ये तासभर बसून आलं, की रात्री झोप लागत नाही. त्यांच्याकडे जाणं बंद करू का?’ हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मी समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या वेगवेगळ्या तोंडून ऐकतेय. विचारणारे कधी पन्नाशीतले असतात, कधी सत्तरीतले, अलीकडे तिशीतलेही. गप्पांचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी एकच. आधी दिवसभरातली एखादी बातमी, मग कुठल्यातरी आजाराची नवी लाट, मग ‘अमका गेला, कळलं का?’ आणि त्यानंतर बराच वेळ तो कसा गेला याची चर्चा. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. त्या तीन वर्षांत गप्पांना जे वळण लागलं, ते मात्र अजून मोडलेलं नाही.

कुणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांच्या हकीकती मी इथे एकत्र केल्या आहेत, आणि सात-आठ भेटींतलं मोजकंच सांगते आहे.

हे गृहस्थ ५८ वर्षांचे. सहा मित्र, ३५ वर्षांची मैत्री, रोज संध्याकाळी भेट ठरलेली. तीन महिन्यांपूर्वी त्या सहांतला एक जण रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही.

‘मॅडम, मी घाबरट माणूस नाही,’ खुर्चीत नीट बसायच्या आधीच ते म्हणाले. ‘पण घरी आलो की बोटं आपोआप मनगटावर जातात. नाडी मोजतो. रात्रीतून दहा-बारा वेळा तरी.’

‘कशी असते नाडी?’

‘ठीक असते. मोजली की पाच मिनिटं बरं वाटतं. मग परत.’

‘आणि रक्तदाब?’

ते खाली बघत राहिले. ‘तो नाही तपासला. जास्त निघाला तर?’

काळजी करणं वेगळं आणि काळजी घेणं वेगळं, हे इतक्या स्वच्छपणे फार कमी वेळा समोर येतं. तीन महिन्यांत या माणसाने हजारेक वेळा नाडी मोजली होती, पण दंडाला पट्टा गुंडाळून दोन मिनिटं शांत बसायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं. जगात उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्या लोकांना तो असल्याचं माहीतच नसतं. म्हणून पहिल्या भेटीत मी एकच काम दिलं: आधी डॉक्टरांकडे जाऊन या. छातीत धडधडत असेल, दुखत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग मी, हा क्रम मी कुणाच्याही बाबतीत मोडत नाही. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला, एक गोळी सुरू झाली. ज्या गोष्टीला ते तीन महिने घाबरत होते ती घडली, आणि आभाळ कोसळलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आम्ही बातम्यांकडे वळलो. आठवडाभर गप्पांत कोणकोणते आजार आणि मृत्यू येतात ते लिहून आणायला सांगितलं होतं. ‘अचानक’ हा शब्द त्यांच्या कागदावर सतरा वेळा होता, आणि त्यातले चौदा जण त्यांच्यापैकी कुणाच्याच ओळखीचे नव्हते. जी उदाहरणं चटकन आठवतात त्या गोष्टी वारंवार घडतात असं मन धरून चालतं, हे ट्वर्स्की आणि कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलं. आपल्या वयाचे जे असंख्य लोक आज सकाळी नेहमीसारखे उठले, त्यांची बातमी होत नाही. २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, त्यानंतरचा अभ्यासही मी त्यांना सांगितला. पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या पाहिलेल्या लोकांमध्ये, प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही तीव्र ताण आढळला होता.

‘म्हणजे बातम्या बंद करू?’

‘बंद नको. दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, झोपायच्या बऱ्याच आधी.’

याने झोप तासाभराने वाढली. पण मित्रांमध्ये बसून आले, की बोटं पुन्हा मनगटावर. तेवढ्या फरकावर समाधान मानून काम थांबवता आलं असतं. पुष्कळदा तसं होतंही. मला मात्र काहीतरी हाताशी येऊन निसटतंय असं वाटत राहिलं.

चौथ्या भेटीत ते गेलेल्या मित्राविषयी सांगत होते. ‘साखर थोडी होती म्हणतात. पण रोज चालायचा. सिगारेट नाही, काही नाही. दोन दिवस आधी पित्त झाल्यासारखं वाटतंय म्हणाला होता, तिथेच चुकलं. त्याच वेळी ईसीजी काढला असता तर…’ हे सगळं ते दवाखान्यातल्या केसपेपरसारखं, ठरलेल्या क्रमाने सांगत होते. असंख्य वेळा सांगून गुळगुळीत झालेलं.

मी विचारलं, ‘कसा होता तो?’

‘म्हणजे तब्येतीने?’

‘तब्येतीने नाही. तुमचा मित्र. माणूस म्हणून कसा होता?’

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि शब्दच आले नाहीत. अशा वेळी मधे न बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मी कष्टाने कमावलं आहे. मी थांबले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, ‘शिट्टी फार वाईट वाजवायचा.’ आणि त्यांचे डोळे भरून आले.

पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. रस्त्याच्या वळणावर तो दिसायच्या आधी त्याची बेसूर शिट्टी ऐकू यायची. यांचे वडील दवाखान्यात होते तेव्हा हा मित्र अकरा रात्री बाहेरच्या बाकड्यावर झोपला होता, ‘येऊ का’ असं एकदाही न विचारता. त्याचे उसने घेतलेले पैसे, त्यावरून झालेलं भांडण, चार महिने धरलेला अबोला. मग ते मधेच थांबले.

‘मॅडम, तीन महिने आम्ही रोज त्याच्याविषयीच बोलतोय. पण यातलं एक अक्षरही कुणी बोललेलं नाही.’

‘कसा गेला?’ हा प्रश्न गेलेल्या माणसाविषयीचा वाटतो. खरं तर विचारणारा त्यातून स्वतःविषयीच विचारत असतो. साखर होती का? मला नाही. सिगारेट ओढायचा का? मी तर कधीच सोडली. प्रत्येक उत्तरासरशी आपण त्याच्या आणि आपल्या मधे एक-एक वीट रचत जातो. आणि ‘तो तर रोज चालायचा’ असं कुणी म्हटलं की ती भिंत ढासळते. मग नवं कारण शोधायचं, नवी बातमी आणायची. म्हणूनच या गप्पा संपत नाहीत. कारण शोधण्याच्या नादात माणूस बाजूला राहतो, आणि त्याच्यासाठी रडायचंही राहून जातं.

माझं शिक्षण विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतलं. भावनांमागचे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली, आणि आजही मला तिच्याइतकी कामाची गोष्ट सापडलेली नाही. ‘मला निरोगी राहायचंय’ ही इच्छा आहे. ‘मला काही होताच कामा नये, आणि त्याची खात्री मला आत्ता मिळालीच पाहिजे’ हा हट्ट आहे. इच्छा माणसाला डॉक्टरकडे नेते, हट्ट रात्री नाडी मोजायला लावतो.

‘तशी खात्री तुम्हाला आजवर कुणी दिली होती?’ मी विचारलं.

‘कुणीच नाही.’ मग जरा थांबून, ‘त्यालाही नव्हती दिली.’

‘तरी ३५ वर्षं तुम्ही सहा जण रोज भेटलात.’

‘हो,’ ते सावकाश म्हणाले. ‘खात्री नसतानाच भेटलो की.’

याआधी मी भीतीवर काम करायचे तेव्हा फक्त हट्टाशी वाद घालायचे. वाद जिंकायचेही, पण दोन आठवड्यांनी भीती परत यायची. या गृहस्थांमुळे मला दिसलं, की न केलेलं दुःख पुष्कळदा खात्रीच्या हट्टामागे जाऊन लपतं. त्याला आधी वाट करून दिली, तर हट्ट सुटायला फार युक्तिवाद लागत नाही. तेव्हापासून भीती घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी विचारते, अलीकडे तुमचं कोण गेलं?

आता मूळ प्रश्न. मित्रांकडे जाणं बंद करावं का? माझं उत्तर ठाम ‘नाही’ असं आहे. मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकच चिंता दोघांनी मिळून पुन्हा पुन्हा घोळवली, तर मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही जास्त दिसते, असं त्यांना आढळलं. मोठ्यांच्या बैठकीत मी तेच बघते. मैत्री जपायचीच आहे, फक्त घोळवणं कमी करायचं आहे. त्यासाठी ‘हे विषय बंद करा’ असं दरडावू नका. या गृहस्थांनी तसं करून पाहिलं होतं. बाकीचे म्हणाले, ‘तू घाबरलास’, आणि यांनाच दोन दिवस एकटं पडल्यासारखं झालं. त्यापेक्षा आजाराची बातमी निघाली की शांतपणे विचारा, ‘यात आपल्या हातात काय आहे?’ लस असेल तर घ्या, तपासणी असेल तर दिवस ठरवून सोबत जा. हातात काहीच नसेल, तर तेही मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्यांनाही हलकं वाटतं. कुणी गेल्याचं कळलं तर तो कसा गेला हे जरूर विचारा, पण कसा जगला हेही विचारा. आणि घरी आल्यावर आठवडेच्या आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष परत येत नसेल, तर एकट्याने झुंजत न बसता मदत घ्या.

हे गृहस्थ शेवटच्या भेटीला आले ते बसता बसताच बोलायला लागले.

‘काल परत कुठल्यातरी नव्या विषाणूची बातमी निघाली. आमच्यात एक जण आहे, सगळ्यात जास्त बातम्या तोच आणतो. त्याला म्हटलं, तुला नेमकी कसली भीती वाटते रे? आधी चिडला. मग म्हणाला, मी गेलो तर माझ्या मुलीचं कोण बघणार? ती तिशीची आहे, तिला एकटीला राहता येत नाही. ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मॅडम. पण त्यापायी हा रात्र रात्र जागा असतो, हे कुणालाच माहीत नव्हतं. साडेआठपर्यंत आम्ही तिच्याविषयीच बोलत होतो. येत्या रविवारी पाचही जण तिला भेटायला जातोय.’