दूध पुरतंय की नाही? आशाताईंची वजनाची वही आणि डब्यातला चमचा

"बाळ पाच आठवड्यांचं आहे. संध्याकाळी दोन-दोन तास छातीला लागून असतं, सोडलं की रडतं. स्तन आता पूर्वीसारखे भरत नाहीत, मऊच लागतात. पंपाने काढून पाहिलं तर जेमतेम 20 मिली निघालं. डब्याचं दूध सुरू केलंय, तरी रडणं थांबत नाही. माझं दूध आटलं का?"

थोड्याफार फरकाने हा प्रश्न फार जणी विचारतात. इथली आई देवगडजवळच्या गावात माहेरी आलेली, पहिलटकरीण. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चौथ्या आठवड्यात संध्याकाळचं रडणं वाढलं तेव्हा घरातल्या आजीने निकाल दिला, "बाळाक दूध पुरणा नाय, डबो आणा." डबा आला.

रडणं, मऊ स्तन आणि पंपातलं दूध या तिन्ही गोष्टींवरून दूध किती येतं ते कळत नाही. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत बाळांचं रडणं वाढतच जातं आणि ते बहुधा संध्याकाळी असतं. त्याच वेळी ती पुन्हा पुन्हा पितातही. महिन्याभरात स्तनांचा सुरुवातीचा ताठरपणा ओसरतो, कारण शरीर बाळाच्या मागणीइतकंच दूध बनवायला शिकतं. आणि पंपाला बाळासारखं दूध ओढता येत नाही. शिवाय मे महिना, खिडक्या बंद, खोलीत शेकाची शेगडी, बाळाच्या डोक्याला टोपडं आणि अंगाला दुपटं. बाळ उकाड्यानेही रडत होतं.

खरं उत्तर होतं वजनात. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं की आशाताई (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका) 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात, बाळाचं वजन करतात, वहीत लिहितात. ती वही मागवली. जन्माचं वजन 2.8 किलो, सातव्या दिवशी 2.68. पहिल्या दिवसांत एवढी घट होतेच. चौदाव्या दिवशी 2.83, एकविसाव्या दिवशी 3.01. म्हणजे एका आठवड्यात 180 ग्रॅम, रोजचे 25 ग्रॅमहून जास्त. पहिल्या तीन महिन्यांत रोज 25 ते 30 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. तोवर बाळ फक्त अंगावरचं पीत होतं. डबा आला बाविसाव्या दिवशी. अठ्ठाविसाव्या दिवशी वजन 3.10, चौतिसाव्या दिवशी 3.16. वाढ निम्म्याहून खाली आली होती, आणि तीही डबा आल्यानंतर!

मग आजीला दूध कसं करता ते करूनच दाखवायला सांगितलं. त्यांनी 60 मिली कोमट पाणी घेतलं, त्यात एकच चमचा पावडर. त्या डब्यावर 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा असं छापलेलं होतं. "एवढ्याशा पोटाला जड पडेल," आणि डबाही महाग, पुरवून वापरायचा. काळजीपोटी केलेलं, पण बाळाला अर्ध्या ताकदीचं दूध जात होतं. दिवसातून तीनदा. पोट पाण्याने भरलं की बाळ छातीला कमी लागतं. स्तनात दूध साचून राहिलं की शरीर पुढचं दूध कमी बनवतं. म्हणजे पातळ दुधाने पोषण तर दिलं नाहीच, वर आईचं दूधही खरोखर कमी केलं.

यात एक फसवी गोष्ट आहे. एरवी पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी झाली तर दूध पुरतंय असं आम्ही सांगतो. या बाळाची लघवी आठ-नऊ वेळा होत होती, म्हणून घर निर्धास्त होतं. पण पाणी जास्त गेलं तर लघवी होणारच. पातळ दूध, वरचं पाणी किंवा गुटी चालू असेल तर लघवीच्या मोजणीवर भिस्त ठेवू नये, वजनच पाहावं. उन्हाळ्यातही सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी लागत नाही. आईच्या दुधात 87 टक्के पाणीच असतं.

पातळ दुधाने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात, म्हणून आधी बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. तपासणी ठीक निघाली, मग पुढचं ठरलं. डबा एका दिवसात बंद करायचा नव्हता, कारण आईचं दूध आता खरंच थोडं घटलं होतं. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, रात्री धरून चोवीस तासांत किमान आठ ते दहा वेळा. पूर्वीच्या तीन वेळांना त्यानंतर 60 मिली पाण्यात दोन सपाट चमचे, तेही बाटलीने नाही, बोंडल्याने (बाळाला दूध पाजायच्या चोचीच्या छोट्या वाटीने). बाळाला उभट धरायचं, बोंडल्याची कड खालच्या ओठाला टेकवायची आणि बाळाला स्वतः ओढू द्यायचं. ओतायचं नाही, ठसका लागतो. बाटलीच्या बुचाची सवय लागल्यापासून बाळ फक्त बोंडाचं टोक धरत होतं, त्यामुळे आईला चिरा पडल्या होत्या. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावून, त्याने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबून, मग हनुवटी आधी स्तनाला टेकवून धरल्यावर दुखणं दोन दिवसांत कमी झालं.

पावडर निर्जंतुक नसते, म्हणून दूध करताना पाणी कोमट चालत नाही. पाणी खळखळ उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, म्हणजे ते 70 अंशांच्या खाली जात नाही. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा, दाबून भरायचा नाही. नंतर भांडं थंड पाण्यात ठेवून निववायचं आणि मनगटावर थेंब टाकून पाहायचं. केलेलं दूध दोन तासांत संपवायचं, उष्टं लगेच टाकायचं. बोंडलं, वाटी, चमचा रोज दहा मिनिटं पाण्यात बुडवून उकळायचे. पावसाळ्यात डब्यात ओला चमचा गेला की पावडरीच्या गुठळ्या होतात आणि माप चुकतं.

आणखी एक गोष्ट खाडीकाठच्या घरांनी नक्की पाहावी. एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर ते पावडरीला वापरू नये. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटून ते वाढतं, आणि बाळाच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. गोड्या पाण्याच्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी आणून उकळावं. गोठ्यातल्या गाईचं दूध पाणी घालून द्यायचा विचारही घरात झाला होता. एक वर्षाच्या आत तो नकोच. त्यात प्रथिनं आणि क्षार बाळाला जड, लोह अगदी कमी.

आईच्या जेवणात अळीव, पेज, नारळ चालू होतेच. दूध वाढावं म्हणून मोरीचं कालवण मात्र थांबवायला सांगितलं. मोरी हा शार्क, त्यात पारा साठतो. त्याऐवजी बांगडा, तारली, मांदेली खुशाल खावी. पण दूध वाढवतं ते मुख्यतः बाळाचं ओढणं, खाणं नव्हे.

बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंच्या काट्यावर 3.41 किलो आलं. मग दुपारचं वरचं दूध आधी 30 मिलीवर आणलं, तीन दिवसांनी त्याच काट्यावर, बाळाचे कपडे काढून वजन पाहिलं आणि बंद केलं. सकाळचंही तसंच. संध्याकाळचं सगळ्यात शेवटी सुटलं.

काही आयांचं दूध खरोखर कमीच येतं. थायरॉइडचा त्रास, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली असणं किंवा बाळंतपणात वार (प्लासेंटा) आत राहून जाणं अशी कारणं असतात. त्यांची तपासणी करावी. अशा वेळी वरचं दूध द्यायला अजिबात कचरू नये, फक्त ते पूर्ण ताकदीचं आणि पुरेसं द्यावं. बाळ पूर्ण डब्याच्याच दुधावर असेल तर दिवसाला किलोमागे साधारण 150 मिली धरतात. 3.2 किलोच्या बाळाला 480 मिली, म्हणजे आठ वेळांना 60 मिली. बाळ सुस्त पडलं, पिण्यासाठी उठेना, टाळू खोल गेली किंवा अंग गरम लागलं, तर मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.