रस्ते झाडायचे मशीन नगरपरिषदेने विकत घ्यावे का?

नमस्कार ताई,

तुमच्या ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत रोड स्वीपिंग मशीनचा विषय येतो आहे आणि स्वच्छता समितीच्या सभापती म्हणून तुम्हाला भूमिका घ्यायची आहे. तुम्ही तीन प्रस्ताव पाठवलेत. ट्रकवर बसवलेले मशीन ५० लाख अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९ लाखांना विकत घेणे. तेच मशीन चालकाशिवाय ५ वर्षांच्या लीजवर, महिना १ लाख २० हजार अधिक जीएसटी. किंवा ठेकेदाराला किलोमीटरमागे ६५० रुपये, त्यात वर्षाला किमान ६,००० किलोमीटरची हमी. खरेदीचे पैसे स्वनिधीची, म्हणजे नगरपरिषदेच्या स्वतःच्या पैशांची, मुदत ठेव मोडून उभे करायचे आहेत.

लीजचा प्रस्ताव आधी बाजूला ठेवू. ५० लाखांच्या मशीनसाठी ६० महिन्यांत ७२ लाख, वर जीएसटी, आणि शेवटी मशीन परत कंपनीकडे. व्याजाच्या भाषेत हे वर्षाला १५ टक्क्यांहून महाग पडते, आणि मोडायची ती ठेव तुम्हाला जेमतेम ७ टक्के देते. खासगी उद्योजक लीजचे भाडे खर्चात दाखवून आयकर वाचवतो, म्हणून त्याला असा सौदा कधीकधी परवडतो. नगरपरिषदेला आयकरच भरायचा नसतो, तेव्हा तिला तो फायदा नाही.

आता खरेदी. ५९ लाख ७ वर्षांवर वाटले, गुंतलेल्या पैशांवरचे ७ टक्के व्याज धरले आणि शेवटी ५ लाखांना मशीन विकले जाईल असे मानले, तर वर्षाला १० लाख ४० हजार होतात. चालक आणि मदतनीस यांचे ५ लाख ४० हजार, विमा आणि देखभालीचे ३ लाख २० हजार. म्हणजे मशीन उभे राहिले तरी वर्षाला १९ लाख खर्च ठरलेला. शिवाय प्रत्येक किलोमीटरला डिझेल आणि झिजणारे ब्रश मिळून साधारण २०० रुपये. (मजुरी, देखभाल आणि डिझेलचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या लेखापालांकडून ते तपासून घ्या.) या हिशेबाने वर्षाला ४,२०० किलोमीटरच्या वर काम असेल तर खरेदी स्वस्त, त्याखाली ६५० रुपयांचा दर स्वस्त.

म्हणून सगळा निर्णय एका प्रश्नावर येतो: तुमच्या गावात हे मशीन वर्षाला खरोखर किती किलोमीटर झाडेल?

३८ किलोमीटर रस्त्यांपैकी पक्की कड आणि कर्बस्टोन (कडेला बसवलेले दगड) असलेले रस्ते तुम्ही ८ किलोमीटर कळवलेत. बाकी ठिकाणी मुरुमाची साइडपट्टी, उघडी गटारे आणि लावलेल्या दुचाक्या. मुरुमावर मशीन धुळीबरोबर मुरुमही ओढते आणि हॉपर, म्हणजे कचरा साठवायची टाकी, भरून जातो. ८ किलोमीटरच्या दोन्ही कडा धरल्या तर रात्रीचे १६ किलोमीटर. कोरडे आठ महिने, आठवड्याला एक सुट्टी देखभालीसाठी, म्हणजे साधारण २०५ रात्री. पावसाळ्यात ओला चिखल सक्शन पाइपात अडकतो, त्यामुळे उघडिपीतले थोडेच काम धरा. वर्षाचे ३,५०० किलोमीटर होतात, त्याहून फारसे नाहीत.

एवढ्या कामाला स्वतःचे मशीन वर्षाला २६ लाखांना पडेल, लीजचे साडेबत्तीस लाखांच्या पुढे, आणि हमी नसलेला ठेका पावणेतेवीस लाखांना. पण प्रस्तावातली ६,००० किलोमीटरची हमी तशीच राहिली तर तोच ठेका ३९ लाखांवर जातो आणि तिन्हींत सर्वांत महाग ठरतो. म्हणजे अडीच हजार किलोमीटर न झाडताच त्यांचे बिल नागरिकांच्या घरपट्टीतून भरायचे. सभेत भांडायचे असेल तर या एका कलमावर भांडा.

माझे मत स्पष्ट आहे. आत्ता खरेदी करू नका. दोन वर्षांचा किलोमीटरवर ठेका द्या आणि हमी २,५०० किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका. ठेकेदार त्यासाठी दर थोडा वाढवून मागेल. ३,५०० किलोमीटरला ७४० रुपयांपर्यंत गेलात तरी खरेदीपेक्षा महाग पडत नाही.

एक अपवाद आहे. पैसा स्वनिधीचा नसून केवळ यंत्रखरेदीसाठीच बांधलेल्या अनुदानाचा असेल, दुसरीकडे वापरताच येत नसेल, तर भांडवली खर्च हिशेबातून निघून जातो आणि १,९०० किलोमीटरपासूनच खरेदी परवडते. मग जरूर घ्या. मात्र अनुदान एकदाच येते. चालक, डिझेल आणि ब्रश दरवर्षी तुमच्याच तिजोरीतून जातात. त्याची तरतूद अंदाजपत्रकात असल्याशिवाय ठरावाला हात वर करू नका.

करांबद्दल थोडे. खरेदीवरचे ९ लाख जीएसटी परत मिळत नाहीत. सफाई हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतले नगरपालिकेचे काम असल्याने त्यासाठी घेतलेल्या निव्वळ (वस्तूंचा पुरवठा नसलेल्या) सेवेला जीएसटीतून सूट आहे. ६५० रुपयांत कर धरला आहे का, हे ठेकेदाराकडून आणि तुमच्या कर सल्लागाराकडून लेखी घ्या.

करारात मोजमाप नीट बांधा. जीपीएस फक्त गाडी फिरली एवढेच सांगते. ब्रश खाली होता का, हे सांगत नाही. सक्शनच्या इंजिनाचे तास आणि वजनकाट्यावरची धुळीची पावती, दोन्ही जुळल्याशिवाय बिल काढू नका. मशीन बंद पडल्यास ४८ तासांत पर्यायी मशीन, नाहीतर दंड. आणि बिले वेळेवर द्या. ठेकेदार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर ४५ दिवसांपुढे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्याने लागते.

मशीनमुळे पगार वाचतील, असे सभेत कोणी म्हणेल. कायम सफाई कामगारांचा पगार एक रुपयानेही कमी होणार नाही, आणि तो व्हावा असे मलाही वाटत नाही. पहाटे भरधाव ट्रकांच्या शेजारी दुभाजकालगत बायामाणसे वाकून धूळ गोळा करतात. मशीन सर्वांत आधी तिथे लावा आणि त्या कामगारांना गल्ल्यांत द्या, जिथे मशीन जाऊच शकत नाही.

दोन वर्षांत आणखी चार किलोमीटर रस्ता काँक्रीटचा होणार, असे तुम्ही लिहिले आहे. तसे झाले तर रात्रीचे काम २४ किलोमीटरवर आणि वर्षाचे ४,९०० च्या पुढे जाईल. तेव्हा दोन वर्षांची लॉगबुके हातात घेऊन खरेदीचा ठराव मांडा, आणि ठेव तोवर बँकेत राहू द्या.