आयव्हीएफ चालतं, मग माणसाच्या क्लोनिंगला बंदी का?

तुमचा प्रश्न असा की टेस्ट ट्यूब बेबीला आज कोणी नाक मुरडत नाही, मग क्लोनिंगवरच एवढा गहजब का, आणि तंत्र सुधारलं की विरोध मावळेल का.

'एकाच माणसाच्या दोन प्रती' हा नेहमीचा आक्षेप आधी बाजूला काढू, तो लंगडा आहे. एकसारखी जुळी हे निसर्गानेच केलेले क्लोन आहेत आणि त्यांना कोणी अर्धा माणूस समजत नाही. खरा आक्षेप पद्धतीतच दडलेला आहे.

पद्धत अशी: पक्व बीजांडातली गुणसूत्रं अतिसूक्ष्म सुईने काढून टाकायची. ज्याचा क्लोन करायचा त्याची पेशी, त्वचेची म्हणा, त्या बीजांडाला खेटून ठेवायची आणि विजेच्या झटक्याने दोन्ही एकजीव करायच्या. मग बीजांडाला विभाजनासाठी चालना द्यायची, पाच-सहा दिवस वाढवायचं आणि भ्रूण सरोगेटच्या गर्भाशयात सोडायचा. अडतं ते पेशीच्या आठवणीपाशी. त्वचेच्या पेशीत हजारो जनुकं रासायनिक खुणा लावून बंद केलेली असतात. बीजांडाला त्या खुणा काही तासांत पुसाव्या लागतात आणि बहुतेक वेळा त्या अर्धवटच पुसल्या जातात. परिणाम वारेवर, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या प्लॅसेंटावर, दिसतो: वार नीट बनत नाही, गर्भ मध्येच जातो. क्लोन वासरं अवाजवी मोठी निपजतात, काही जन्मल्यावर श्वास न घेता आल्याने दगावतात.

स्कॉटलंडच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये 1996 साली डॉली ही क्लोन मेंढी जन्मली, तेव्हा 277 बीजांडं वापरली होती. त्यातून 29 भ्रूण 13 मेंढ्यांत सोडले आणि कोकरू एकच जन्मलं. माकडांपर्यंत पोचायला पुढे एकवीस वर्षं लागली. शांघायमधल्या दोन माद्या जगल्या, त्या गर्भातल्या पेशींपासून केलेल्या होत्या. प्रौढ माकडाच्या पेशी घेतल्या तेव्हा 181 भ्रूण 42 सरोगेटमध्ये सोडले, 22 गर्भ राहिले, दोनच पिल्लं जिवंत जन्मली आणि तीही लवकरच मेली.

आता माकडाच्या जागी बाई ठेवून बघा. बीजांडं मिळवायची तर दहा-बारा दिवस हार्मोनची इंजेक्शनं, शेवटी भूल देऊन योनीमार्गे सुई. औषधाचा मारा जास्त झाला तर पोटात पाणी साठतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. आपल्या 2021 च्या एआरटी कायद्यानुसार, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यानुसार, दात्री आयुष्यात एकदाच बीजांडं देऊ शकते आणि सातपेक्षा जास्त काढता येत नाहीत. या हिशेबाने डॉलीइतकी बीजांडं जमवायला 40 स्त्रिया लागतील. त्यावर सरोगेट वेगळ्या, आणि त्यांचे गर्भपात वेगळे. आयव्हीएफमध्येही अपयश येतं, पण जन्मलेलं मूल बहुधा धडधाकट असतं. इथे जन्मलेल्याचीच खात्री नाही.

तंत्र सुधारलं तर? इथे पेच आहे. मेंढीत जमलं म्हणून माकडात जमत नाही, माकडात जमलं म्हणून माणसात जमेल असंही नाही. माणसात सुरक्षित आहे हे सिद्ध करायचा मार्ग पहिल्या काही मुलांच्या अंगावरूनच जातो, आणि त्यांची संमती घेणार कशी? माझ्या मते एवढ्यावरच प्रश्न निकाली निघतो. आयसीएमआर या आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूल जन्माला घालण्यासाठीचं क्लोनिंग निषिद्ध आहे, ते योग्यच.

गेलेलं मूल परत हवं म्हणून कोणी विचारत असेल तर: जन्माला येईल ते दुसरंच बाळ, आणि त्याच्यावर पहिल्या दिवसापासून दुसऱ्याच्या फोटोसारखं व्हायचं ओझं.

उपचारासाठीच्या क्लोनिंगचा, म्हणजे भ्रूण गर्भाशयात न सोडता त्यातून स्टेम सेल (शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) काढण्याचा, प्रश्न वेगळा. तिथे मूलच जन्मत नाही. तरी बीजांडांचा प्रश्न उरतोच. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक या शास्त्रज्ञाचे क्लोन केलेल्या मानवी भ्रूणातून स्टेम सेल काढल्याचे दावे 2005-06 मध्ये खोटे ठरले, तेव्हा शंभराहून अधिक स्त्रियांची दोन हजारांवर बीजांडं खर्ची पडल्याचं उघड झालं. त्यात त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक स्त्रियाही होत्या. साहेबांना नाही म्हणणं तिथे किती सोपं असेल, याचा विचार करा. जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि पुढच्या वर्षी माणसाच्या त्वचेच्या पेशींपासून थेट स्टेम सेलसारख्या पेशी बनवल्या, त्याला बीजांड लागतच नाही. बऱ्याच प्रयोगशाळा तिकडे वळल्या त्याचं हे मोठं कारण.