जुन्या लेन्ससाठी कॅमेरा: पैसे कशावर घालायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांच्या कपाटात तीन लेन्स निघाल्या, हेलिओस 44-2, पेंटॅक्सची 50 एमएम एफ/2 आणि स्क्रू माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारी, एक 135 एमएम. बॉडी पन्नास हजारांच्या आत हवी. फोटो काढायचेत ते सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचे (होळकरांच्या समाध्यांचे) आणि घरातल्या दीड वर्षाच्या भाचीचे. मी बरीच वर्षं इथे इंदुरात जवळजवळ फक्त जुन्या लेन्सच वापरतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. चांगल्या अवस्थेतला सेकंडहॅन्ड सोनी ए7 मार्क 2 शोधा. 2014 सालचं मॉडेल आहे आणि त्याचा ऑटोफोकस आजच्या मानाने मंद आहे. पण तुमच्या तिन्ही लेन्सना ऑटोफोकस नाहीच, मग त्याचे पैसे कशाला मोजायचे? जुन्या लेन्सवाल्याने तीनच गोष्टींवर खर्च करावा: व्ह्यूफाइंडर, सेन्सरचा आकार आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय). या बॉडीत तिन्ही आहेत.

व्ह्यूफाइंडर पहिला, कारण फोकस डोळ्यानेच करायचाय. ए7 मार्क 2 च्या व्ह्यूफाइंडरमध्ये साधारण 23 लाख 60 हजार ठिपके आहेत, स्वस्तातल्या सोनी ए6000 मध्ये 14 लाख 40 हजार. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. हेलिओस एफ/2 वर, म्हणजे ॲपर्चर (आतली झडप) पूर्ण उघडून, कुणाच्या पापणीवर फोकस करायला बसलात की लगेच कळतो.

फोकस पीकिंगवर, म्हणजे कडांवर जे लाल-पिवळे ठिपके चमकतात त्यांच्यावर, सुरुवातीला सगळेच विसंबतात. मीही विसंबलो होतो. एका लग्नात अख्ख्या संध्याकाळचे फोटो घरी येऊन पाहिले, तर नाकाचे शेंडे धारदार आणि डोळे मऊ. पीकिंग जिथे कॉन्ट्रास्ट दिसेल तिथे चमकतं. लेन्स पूर्ण उघडी असताना नेमकी फोकसची पातळी कुठे आहे, हे ते खात्रीने सांगत नाही. त्यापेक्षा एका कस्टम बटणावर फोकस मॅग्निफायर ठेवा. दाबायचं, समोरच्याचा डोळा व्ह्यूफाइंडरमध्ये मोठा करून बघायचा, रिंग फिरवायची, क्लिक. आठवड्याभरात बोटांना सवय होते.

आता सेन्सर. या लेन्स 35 एमएम फिल्मसाठी बनलेल्या आणि ए7 मार्क 2 चा सेन्सर त्या फिल्मएवढाच आहे. त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सी बॉडीवर तुमची 58 एमएमची हेलिओस साधारण 87 सारखी दिसेल आणि आणखी लहान मायक्रो फोर थर्ड्सवर 116 सारखी. हेलिओसची जी ख्याती आहे, मागची पानं गोल भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात ती, तो भोवरा चौकटीच्या कडेला असतो. छोटा सेन्सर नेमकी तीच कड कापून टाकतो. राजवाड्यासमोरच्या गर्दीत 50 ची 75 झाली की मागे सरकायलाही जागा उरत नाही.

स्टॅबिलायझेशनचं महत्त्व सराफ्यात समजतं. दागिन्यांची दुकानं बंद होऊन भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू (एक कंद) तळायला लागले की उजेड असतो तो फक्त बल्बचा आणि कढईखालच्या जाळाचा. सोनीचा दावा साडेचार स्टॉपपर्यंतचा आहे (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं). तेवढा धरला नाही तरी स्थिर वस्तूंसाठी मदत मोठी होते. मात्र लेन्स जुनी असल्याने कॅमेऱ्याला तिची फोकल लेन्थ, म्हणजे 50 किंवा 135 हा एमएमचा आकडा, कळत नाही. स्टेडीशॉटच्या (सोनीचं स्टॅबिलायझेशनला दिलेलं नाव) मेनूत ती हाताने भरावी लागते, लेन्स बदलली की आकडाही बदलायचा. 135 लावून 50 चा आकडा तसाच राहिला तर फोटो हलतात आणि आपण उगीच कॅमेऱ्याला बोल लावतो.

भाचीबद्दल खरं सांगतो. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पळणारं मूल थांबवत नाही. ती खेळण्यात रमलेली असेल तेव्हा एफ/4 वर खिडकीजवळ काढा, शटर 1/250 च्या खाली नको. धावपळीचे फोटो बेलाशक मोबाइलवर काढा.

अडॅप्टरचं गणित सोपं आहे. स्क्रू माउंट आणि पेंटॅक्स के, दोन्हींत लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर 45.46 एमएम, सोनी ई माउंटचं 18. मधल्या साडेसत्तावीस एमएमची पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच नसते आणि नसावीच. तुम्हाला दोन लागतील, एक एम42 चा (स्क्रू माउंटचं नाव) आणि एक पेंटॅक्स के चा. अगदी स्वस्तातले घेऊ नका. काहींची आतली भिंत चकाकते आणि दिव्यासमोर फोटो पांढुरका पडतो. बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड असतात, त्यामुळे लेन्स अनंताच्या खुणेच्याही पुढे फिरते. तो दोष नाही, पण रिंग शेवटपर्यंत नेऊन लांबचा फोटो काढू नका, तोही नजरेनेच साधा.

पहिल्या दिवशी लेन्स लावाल आणि शटर दाबलंच जाणार नाही. घाबरू नका. अडॅप्टरला विजेचे संपर्कबिंदू नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी ठेवा, म्हणजे शटरचा वेग कॅमेरा ठरवेल, मीटर ठीक चालतं. बॅटरी छोटी आहे, व्ह्यूफाइंडरमधून पाहत काढले तर एका चार्जमध्ये पावणेतीनशेच्या आसपास फोटो. दोन घ्याच.

बॉडी बघायला जाताना हेलिओस, 135 आणि अडॅप्टर सोबत ठेवा. एफ/16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. स्टॅबिलायझेशन बंद-चालू करून 135 ने दूरची पाटी बघा. विक्रेता हे करू देत नसेल तर परत या.

मनासारखा ए7 मार्क 2 मिळाला नाही तर एपीएस-सी सेन्सरचा ए6000 घ्या आणि उरलेले पैसे एका 28 एमएम लेन्सला ठेवा, ती तिथे 42 सारखी वागेल. बजेट वाढू शकत असेल तर निकॉन झेड5 बघा. त्याचा व्ह्यूफाइंडर ए7 मार्क 2 हून खूप सरस आहे.

पण या सगळ्याआधी आज रात्री एक करा. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. माझ्या वडिलांची 135 दोन पावसाळे चामड्याच्या केसमध्ये राहिली आणि आतली काच खाल्ली गेली. साफ करून बुरशी निघाली, कोटिंगवरचे ओरखडे राहिलेच. ती लेन्स अजून मी टाकलेली नाही. तुमच्या लेन्स आजच केसमधून काढून सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) त्या नेऊ नका, पाण्यापासून वाचवणारं त्यांच्यात काहीच नाही.

तुमच्या 135 च्या मागच्या बाजूचा फोटो टाका. स्क्रूच्या कडेला छोटी पिन असेल आणि लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचा खटका नसेल, तर पिन दाबून ठेवणारा, आतून कड असलेला अडॅप्टर घ्यावा लागेल. नाहीतर ॲपर्चर उघडंच राहील. हेलिओस 44-2 ला ही भानगड नाही.