पाल मागितली, पण कुठली?

प्रश्न: रामकुंडाजवळ आमची चहाची टपरी आहे, मी आणि आई चालवतो. परवा सकाळी एक तमिळ कुटुंब आलं, आजीबाईंच्या कडेवर सात-आठ महिन्यांचं बाळ रडतंय आणि त्या आमच्याकडे हात करून सारखं पाल पाल म्हणतायत. आई दचकली, केरसुणी घेऊन सिलिंडरमागं, फळीखाली शोधायला लागली, तोवर बाळ रडून लाल. शेवटी त्यांचा मुलगा मागनं आला आणि म्हणाला दूध चाहिए. दुधाचं पातेलं समोर गॅसवरच होतं, आईला फार वाईट वाटलं. आपल्या पालीचं आणि त्यांच्या दुधाचं नाव एकच कसं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: आधी आईंना सांगा की यात त्यांची काही चूक नाही. तमिळमध्ये दुधाला पाल् म्हणतात, आणि आपण लिहिताना पाल मधला ल पूर्ण लिहितो खरं पण बोलताना तोही पायमोडकाच होतो, मग कानाला दोन्ही शब्द सेम लागणार, फरक कळायचा कसा? मल्याळममध्येही पाल् च, तेलुगूत पालु आणि कन्नडमध्ये हालु. तिथं जुन्या कन्नडमध्ये प च होता, पुढे शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह झाला, म्हणून तमिळमधलं फूल पू आणि कन्नडमधलं हू.

आपली पाल मात्र दुसऱ्या वाटेनं आली. संस्कृतात घरातल्या पालीला पल्ली म्हणायचे. मराठीत येता येता जोडाक्षर सुटतं आणि आधीचा स्वर लांबतो, कर्म चं कम्म आणि मग काम, सप्त चं सत्त आणि मग सात, तसंच पल्ली ची पाल. म्हणजे दूध आणि पाल यांचं नातं काहीच नाही, वेगवेगळ्या घरचे दोन शब्द, त्यातला आपला झिजत झिजत त्यांच्यासारखा दिसायला लागला एवढंच.

पण मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट पुढेच आहे. तमिळमध्ये आपल्या पालीला काय म्हणतात माहितीये? पल्ली! कन्नडमध्ये हल्ली, तेलुगूत बल्ली. आणि पालीवरून शकुन बघायची सवयही दोन्हीकडे आहे, कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात तर छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, लोक रांग लावून तिला हात लावतात. आपल्याकडे शंकेची पाल मनातच चुकचुकते.

बाकी पाल अजून बऱ्याच आहेत. बुधवारच्या बाजाराला गोदाघाटावर लागतात ती पालं, हिंदीत जहाजाचं शीड म्हणजे पाल, राज्यपाल मधला पाल सांभाळणारा, आणि तमिळमध्येच पाल् चा अजून एक अर्थ भाग, तिरुक्कुरळ या जुन्या तमिळ ग्रंथातले १३३० कुरळ, म्हणजे दोन ओळींचे श्लोक, असे तीन पाल् मध्ये वाटलेले आहेत.

आता एक करा, टपरीच्या फळीवर खडूनं लिहून ठेवा, पाल्, पालु, हालु, तिन्ही दूधच. दक्षिणेतून येणारे बरेच जण पहाटेच रामकुंडावर असतात, लहान लेकरं सोबत असतात, आणि त्या वेळी आईंच्या हातात आधी पातेलं यायला हवं. केरसुणी कोणी पल्ली पल्ली म्हणालं तरच घ्या.