सेप्सिसला 'रक्तदोष' म्हणावं का?

परभणीहून एका ताईंनी विचारलंय: त्यांच्या नऊ दिवसांच्या भाच्याच्या कागदावर डॉक्टरांनी 'सेप्सिस' लिहिलं. घरात कुणी त्याला 'रक्तदोष' म्हणतं, कुणी 'सेप्टिक'. मराठीत नेमका शब्द कोणता? आणि 'सेप्सिस झाला' म्हणायचं की 'झालं'?

ताई, 'रक्तदोष' तेवढा नको. आपल्याकडे रक्तदोष म्हटलं की खरूज, गजकर्ण, तोंडावरचे फोड आठवतात. रक्त शुद्ध व्हायला कडू काढा घ्यायचा आणि महिनाभर वाट पाहायची. सेप्सिसमध्ये हिशेब तासांचा असतो. जो शब्द ऐकून आजी काढा उकळायला ठेवील, तो इथं बाळाच्या जिवावर बेतेल.

'सेप्टिक' मुळाला धरून आहे. ग्रीक 'सेप्सिस' म्हणजे कुजणं. अँटिसेप्टिक आणि सेप्टिक टँक ही त्याचीच भावंडं. पण बोलीत जखम चिघळून पू झाला की 'सेप्टिक झालं' म्हणतात, आणि या बाळांच्या अंगावर बहुतेकदा जखम दिसतच नाही. परिभाषेतला 'पूतिता' अर्थाला चोख बसतो, संस्कृत 'पूति' म्हणजे कुजकं. पण वॉर्डाबाहेर उभ्या मामाला तो कळायचा नाही.

'जंतुदोष' बराच रुळलाय. त्यातला दोष त्रिदोषांतला: 'दुष्' म्हणजे बिघडणं. बाळंतिणीच्या कानाला मात्र तो ठपक्यासारखा लागतो, आणि ती आधीच स्वतःला बोल लावत बसलेली असते. म्हणून मी 'रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग' म्हणेन. लांब आहे, पण त्यातला 'गंभीर' गाळू नका.

एक बारकावा. मोठ्या माणसांसाठी 2016 मध्ये ठरलेल्या व्याख्येत नुसते जंतू शिरणं म्हणजे सेप्सिस नव्हे. जंतूंशी झुंजताना शरीराचाच तोल सुटून फुप्फुसं, मूत्रपिंडं निकामी व्हायला लागतात, तेव्हा तो सेप्सिस. मुलांसाठीचे 2024 चे निकषही याच वळणाचे आहेत. पहिल्या 28 दिवसांच्या बाळाच्या बाबतीत मात्र डॉक्टर अजून बहुधा जंतुसंसर्ग याच अर्थाने तो शब्द वापरतात, त्यामुळे तुमच्या भाच्यासाठी वरचा शब्द चालेल.

खरं तर याचं सगळ्यात नेमकं वर्णन आपल्या बोलीत आहे: "लेकरू पेईना, नुसतं झोपायलंय." इतक्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. दूध सोडणं, मलूल होणं, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, झटके: यातलं एकही दिसलं की लगेच दवाखाना. आशाताई घरी येतात तेव्हा हेच वाक्य त्यांना सांगावं. त्यांना शब्द शोधावा लागणार नाही.

राहिलं लिंग. 'रोग', 'आजार' यांच्या वळणावर 'सेप्सिस झाला' म्हणा. 'झालं' कानावर पडलं तरी चूक काढू नका.