वर्गात मातीकाम घेताना

मातीकामाचा तास प्रथमच घेणार असाल, तर मुलांना देणार आहात त्याच मातीत ती वस्तू आधी स्वतः पूर्ण करून पाहा. हात कुठे अडतो ते तेव्हाच कळते. हत्तीची सोंड किंवा कपाचा कान वाळताना गळून पडतो, कारण तो नुसता दाबून चिकटवलेला असतो. दोन्ही बाजूंवर काडीने उभ्या-आडव्या रेघा ओढून, पाण्यात दाट कालवलेली माती मध्ये लावून मगच जोड दाबायला शिकवा. वस्तू उन्हात न ठेवता कापडाखाली सावकाश वाळवा, कारण पातळ भाग आधी आकसले की तडे जातात. मुलाचे काम स्वतःच्या हाताने ‘सुधारू’ नका, हे मी कळकळीने सांगते. बाकांवरची कोरडी धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.